विजेच्या मोटारीचा पाच वर्षांचा जमाखर्च



स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा ज्वारी, तूर आणि हरभरा यांच्या भावांपलीकडे लिहिण्याजोगे आपल्यापाशी काय आहे, असा प्रश्न मला पडला. मंडळातील एक स्नेही हसून म्हणाले, "तुमच्या त्या आवाज न करणाऱ्या गाडीविषयी लिहा. रविवार पेठेत अजून निम्मे लोक तिच्याविषयीच विचारीत असतात." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. २०२० च्या दिवाळीत, वीर निर्वाण संवत २५४७ उजाडत असताना, मी विजेची मोटार घेतली. त्या गोष्टीस आता पाच वर्षे पूर्ण झाली. व्यापाऱ्याने पाच वर्षांनी एखाद्या व्यवहाराचा ताळेबंद मांडू नये, तर कोणी मांडावा? म्हणून जमा आणि नावे या दोन्ही बाजू जशा आहेत तशा येथे मांडतो. कंपनीचे नाव मात्र घेत नाही. कोणाची जाहिरात करण्याचा अगर कोणास बोल लावण्याचा माझा हेतू नाही.

कल्पना जुनी, माल नवा

विजेवर चालणारी मोटार हे नव्या युगाचे नवल आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ती पेट्रोलच्या मोटारीची समवयस्क आहे. २९ एप्रिल १८९९ रोजी कामीय जेनात्सी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने फ्रान्समध्ये ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा रस्त्यावर प्रथम ओलांडली, ती विजेच्या गाडीतूनच. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करण्यास हँडल मारावे लागे. त्यात मनगटे मोडत, म्हणून अमेरिकेतील शहरांत विजेच्या गाड्यांस मोठी मागणी होती. पुढे १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बटनावर सुरू होणारी यंत्रणा आली, पेट्रोल स्वस्त झाले आणि विजेची गाडी मागे पडली. तिचे खरे दुखणे बॅटरीचे होते. शिशाची बॅटरी वजनाने अवजड आणि साठ्याने तोकडी असे.

आपल्या देशात हे धाडस बंगळूरच्या रेवा कंपनीने केले. २००१ मध्ये तिची दोन दारांची चिमुकली गाडी बाजारात आली. ती शिशाच्याच बॅटऱ्यांवर चाले आणि एका चार्जिंगमध्ये सुमारे ८० किलोमीटर जाई. पुढे तीच गाडी लंडनच्या रस्त्यांवर 'जी-विझ' या नावाने धावली. २०१० मध्ये महिंद्र समूहाने त्या कंपनीत मोठा वाटा घेतला आणि २०१३ मध्ये लिथियम बॅटरीची नवी गाडी काढली. लिथियम बॅटरी प्रथम १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने विक्रीस आणली होती. वजनाच्या मानाने तिच्यात शिशाच्या बॅटरीपेक्षा कितीतरी अधिक वीज साठते. ज्या तीन शास्त्रज्ञांच्या परिश्रमाने ती सिद्ध झाली, त्यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कल्पना शंभर वर्षांची, परंतु विकण्याजोगा माल मात्र आपल्या डोळ्यांदेखत तयार झाला, असे म्हणता येईल.

खरेदीचे कारण

मी ही गाडी जगाच्या कल्याणासाठी घेतली, असे म्हणालो तर ते असत्य भाषण होईल. कारण अगदी घरगुती होते. आमच्या मातोश्रींना डिझेलच्या वासाने मळमळे. निपाणीपर्यंत गेल्या तरी दोनदा गाडी थांबवावी लागे. त्यामुळे त्यांनी तीर्थयात्रा जवळजवळ सोडूनच दिल्या होत्या. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी घराबाहेर जायचे ते किल्ल्यातील कमल बस्तीपर्यंत, एवढाच त्यांचा परिघ उरला होता. धाकट्या चिरंजीवाने विजेच्या गाडीचे नाव काढले, तेव्हा 'वास येत नाही' या दोन-तीन शब्दांनी माझा निर्णय झाला.

सरकारी धोरणही अनुकूल होते. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला होता आणि कर्नाटकात अशा गाडीस वाहनकर माफ होता. तरीही गाडी रस्त्यावर आणण्यास सुमारे पंधरा लाख रुपये पडले. तशाच आकाराची पेट्रोलची गाडी कर भरून साडेअकरा लाखांत मिळत होती. पेठेतील ज्येष्ठांनी माझी कीव केली. "साडेतीन लाख अधिक देऊन खेळणे आणलेत," असे एक आडते तोंडावर म्हणाले. ते शब्द मनात राहिले, आणि पुढे ते महाग पडले. तो प्रसंग यथाक्रम येईलच.

नमुना आणि पोते

आपल्या धंद्यात नमुन्याची ज्वारी नेहमी मोत्यासारखी असते. पोत्यात नळी खुपसून दाणा काढावा, तेव्हा खरा माल कळतो. या गाडीचेही तसेच. कागदावर एका चार्जिंगमध्ये तीनशेहून अधिक किलोमीटर लिहिलेले होते. तो आकडा खोटा नसतो, परंतु तो प्रयोगशाळेतील ठरावीक वेगाचा आणि ठरावीक परिस्थितीचा असतो. माझ्या हातात ती सुरुवातीस दोनशे किलोमीटर जाई. महामार्गावर वेग नव्वदच्या वर नेला, वातानुकूलन सुरू ठेवले किंवा घाट चढला, की आकडा खाली येई. पहिल्या महिन्यात माझी नजर रस्त्यापेक्षा टक्क्यांच्या काट्यावरच अधिक असे.

यंत्राचा व्यवहार मात्र समजून घेण्याजोगा आहे. विजेचे एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. माझ्या गाडीच्या बॅटरीत सुमारे तीस युनिटे मावतात. घरातील १५ अँपिअरच्या प्लगमधून तासाला सुमारे तीन युनिटे भरतात, म्हणजे रिकामी गाडी भरण्यास एक अख्खी रात्र लागते. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, तर बॅटरीस एकदिश वीज लागते. हे रूपांतर गाडीतील यंत्र करते आणि त्यात काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. मीटरवर मोजलेल्या एका युनिटास मला सहा किलोमीटर मिळतात, ते ही तूट धरून.

महामार्गावरचे मोठे चार्जर एकदिश वीज थेट बॅटरीस देतात, म्हणून तेथे तासाभरात काम होते. परंतु ऐंशी टक्क्यांनंतर त्यांचाही वेग मंदावतो. पोते भरताना शेवटचे दोन-चार शेर ठोकून ठोकून बसवावे लागतात, तसाच हा प्रकार आहे. घाईच्या माणसाने ऐंशीवर थांबून पुढे निघावे, हे उत्तम.

उतारावर मात्र ही गाडी आपणांस चकित करते. पाय उचलला की मोटारच जनित्र होते आणि काही वीज परत बॅटरीत जमा होते. घाट उतरताना काटा एक-दोन टक्के वर चढलेला पाहून मातोश्री म्हणाल्या होत्या, "उधारी परत येते ती अशी!"

स्तवनिधीची रात्र

आता नावे बाजूची सर्वांत मोठी रक्कम लिहितो. ती रुपयांत मोजता येणारी नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये मातोश्रींना कुंभोज-बाहुबलीचे दर्शन घडवावे, असे ठरले. कित्येक वर्षांनी त्या एवढ्या लांब निघाल्या होत्या. जाणे निर्विघ्न झाले. त्यांना मळमळ झाली नाही, की कोठे गाडी थांबवावी लागली नाही. दर्शनानंतर त्यांचा चेहरा पाहून साडेतीन लाख रुपये त्याच दिवशी वसूल झाले, असे मला वाटले.

परत येताना निपाणीजवळच्या एका चार्जरवर पाऊण तास थांबायचे आणि सूर्यास्तापूर्वी बेळगावास घरी पोहोचायचे, असा माझा हिशेब होता. मातोश्रींचा रात्रिभोजनत्याग पन्नास वर्षांचा. सूर्यास्तानंतर पाणीही नाही. घरी पोहोचून वेळेत भोजन होणार म्हणून बरोबर डबा घेतला नव्हता. गाळलेले पाणी दुपारीच संपले होते.

पावणेचारला चार्जरपाशी आलो, तेव्हा काट्यावर १८ टक्के होते आणि चार्जरचा पडदा काळाठिक्कर. त्यावर लिहिलेल्या क्रमांकावर फोन केला. "अर्ध्या तासात सुरू होईल," असे उत्तर मिळाले. अर्ध्या तासाने पुन्हा केला. पुन्हा तेच उत्तर. असे चार अर्धे तास गेले. शेजारच्या हॉटेलातील सर्व पदार्थांत कांदा-लसूण. दोन केळी मिळाली, ती मातोश्रींनी नातवाच्या हाती दिली. "घरी गेल्यावर जेवायचंच आहे की," असे त्या म्हणत राहिल्या आणि सूर्य मावळला.

यात चूक चार्जरची होती, हे खरे. परंतु खरी चूक माझी होती, आणि ती आज येथे कबूल करतो. पुढे सात-आठ किलोमीटरवर तवंदी घाटात स्तवनिधी क्षेत्र आहे. १८ टक्क्यांत तेथवर सहज पोहोचता आले असते. चार वाजताच घाट चढलो असतो, तर मातोश्रींचे भोजनही झाले असते आणि पार्श्वनाथ भगवंतांचे दर्शनही. ते मला सुचले नाही असे नव्हे. मी सुचू दिले नाही. गाडी वाटेत अडकली आणि धर्मशाळेत मुक्काम पडला, ही वार्ता दुसऱ्या दिवशी पेठेत पसरेल आणि 'खेळणे' म्हणणारा आडत्या हसेल, या एका विचाराने मी त्या काळ्या पडद्यासमोर दोन तास उभा राहिलो. अहंकारापायी ऐंशीच्या पुढील आईला उपाशी ठेवणारा पुत्र, अशी त्या दिवसाची माझी नोंद आहे.

शेवटी अंधारात घाट चढून क्षेत्रावर गेलो. तेथील मंडळींनी खोली उघडून दिली आणि स्वयंपाकघराबाहेरचा १५ अँपिअरचा प्लग गाडीसाठी दाखवला. जेवणाचा आग्रह झाला, परंतु मातोश्रींनी हात जोडले. रक्तदाबाची गोळीही त्यांनी घेतली नाही. डिसेंबरची थंडी, भिंतीपलीकडे गाडीतून येणारी बारीक घरघर, आणि मी दर तासाला उठून त्यांचा श्वास पाहात होतो. ती रात्र मी विसरणार नाही.

सकाळी सूर्योदयानंतर दोन घटिकांनी त्या पाणी प्यायल्या. गाडीच्या काट्यावर १०० टक्के होते. तो पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "गाडी रातभर जेवली रे, आणि आई मात्र उपाशी निजली!" त्या हसत होत्या. मला हसता आले नाही.

त्या दिवसापासून माझे तीन नियम झाले. चार्जर चालू असल्याची खात्री निघण्यापूर्वी फोनने करावयाची. पहिला बंद असेल तर दुसरा कोणता, हे आधी कागदावर लिहावयाचे. आणि शिल्लक कधीही अशा मर्यादेखाली जाऊ द्यावयाची नाही की, जवळच्या ओळखीच्या ठिकाणी पोहोचता येणार नाही. दुसऱ्याच्या 'अर्ध्या तासा'वर विसंबणे म्हणजे न वटलेल्या हुंडीवर माल सोडणे होय.

गाडीचे आजारपण

२०२३ च्या उन्हाळ्यात गाडीने एक दिवस वेग घेण्याचे नाकारले. बॅटरी म्हणजे एक वस्तू नसून अनेक लहान घटांची थप्पी असते. हे घट एकापुढे एक जोडलेले असल्याने त्यातील एक गट अशक्त झाला, तर सगळ्यांस त्याच्या चालीने चालावे लागते. थप्पीतील एका पोत्यास कीड लागावी आणि सगळी थप्पी उतरवावी लागावी, तसे झाले. स्थानिक दुरुस्तीघरात हे काम जाणणारा माणूस नव्हता. तो परगावाहून आला आणि सुटा भाग त्याहून दुरून. गाडी सहा आठवडे उभी राहिली. बॅटरीस आठ वर्षांची हमी असल्याने खर्च एक रुपयाही झाला नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याच्या घरी ही एकच गाडी असेल, त्याने त्या सहा आठवड्यांचा विचार आधी करावा. नव्या मालाचे पहिले गिऱ्हाईक होणारास शिकाऊ कारागिरांच्या शिक्षणाचा खर्च वेळेच्या रूपाने भरावाच लागतो.

घट हाही एक विषय आहे. साठवलेली ज्वारी वाळून वजनात घटते, तशी बॅटरीही वर्षागणिक थोडी घटते. माझी गाडी सुरुवातीस दोनशे किलोमीटर जाई. आज ती त्याच रस्त्यांवर सुमारे १८० जाते. कडक उन्हात तापलेली गाडी लगेच चार्जिंगला न लावणे आणि रोज शंभर टक्के न भरता ऐंशीवर थांबणे, यांनी घट कमी राहते.

प्रत्यक्ष जमाखर्च

पाच वर्षांत गाडी ६०,००० किलोमीटर चालली. त्यांपैकी सुमारे ५०,००० घरच्या विजेवर आणि १०,००० बाहेरच्या चार्जरवर. घरची वीज सर्व आकारांसह ८ रुपये युनिट धरली, तर किलोमीटरला १ रुपया ३३ पैसे पडतात. बाहेरची २० रुपये युनिट धरली, तर ३ रुपये ३३ पैसे. पेट्रोलचा सरासरी दर १०० रुपये आणि लिटरला १५ किलोमीटर धरले, तर ६ रुपये ६७ पैसे. या हिशेबाने इंधनात सुमारे तीन लाख रुपये वाचले. तेलबदल, गाळणी, क्लच इत्यादी भानगडी नसल्याने देखभालीत आणखी तीस हजार वाचले. एकूण जमा ३,३०,०००.

नावे बाजूस अधिक किंमत ३,५०,००० आणि घरच्या वायरिंगचे २५,००० मिळून ३,७५,०००. अर्थात पाच वर्षांनंतरही पंचेचाळीस हजारांची तूट उभी आहे. गुंतवलेल्या रकमेचे व्याज धरले, तर तूट आणखी वाढते. जुनी गाडी विकावयास काढली, तर बॅटरीच्या धास्तीने गिऱ्हाईक भाव पाडून मागते, तेही वेगळेच. ज्याचे धावणे माझ्या दुप्पट असेल, त्याला मात्र तिसऱ्या वर्षीच नफा दिसू लागेल. ही गाडी उभी ठेवणाऱ्यास महाग आणि पळवणाऱ्यास स्वस्त पडते.

हे आकडे माझ्या खरेदीच्या वेळचे आहेत. त्यानंतर विजेच्या गाड्यांच्या किमती आणि पल्ला या दोहोंत सुधारणा झाली. दुसऱ्या बाजूने २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या ग्राहकाने आपला हिशेब नव्याने मांडावा.

अहिंसेचा हिशेब

आपल्या समाजातील काही तरुण या गाडीस 'अहिंसक वाहन' म्हणतात. मी तसे म्हणण्यास धजत नाही. कर्नाटकाची वीज शरावतीच्या पाण्यापासून आणि पावगडच्या सूर्यकिरणांपासून येते, तशी रायचूरच्या कोळशापासूनही येते. बॅटरीतील धातूंसाठी कोठेतरी पृथ्वी खणली जातेच. परंतु पेट्रोलमधील शक्तीचा मोठा भाग इंजिनात उष्णता होऊन वाया जातो, तर विजेच्या मोटारीत फारच थोडा. पेठेच्या अरुंद गल्लीत हमाल आणि शाळकरी मुले धूर गिळीत नाहीत, हे तर प्रत्यक्षच दिसते. हिंसा संपत नाही, अल्प होते. गृहस्थाच्या अणुव्रतातही यापेक्षा मोठा दावा कोण करतो?

व्यापारी बंधूंस चार सूचना

पहिली, चार्जिंगचा प्लग गोदामात कदापि बसवू नये. २०२२ मध्ये देशात काही ठिकाणी विजेच्या स्कूटरींस आगी लागल्या. त्यानंतर डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले. तरीही तागाची पोती आणि वीज यांत अंतर असलेले बरे. दुसरी, मंजूर वीजभार वाढवून, उत्तम अर्थिंग आणि स्वतंत्र ब्रेकर बसवूनच गाडी घरी आणावी. जोडवायर वापरू नये. तिसरी, घरात एकच गाडी असेल आणि वारंवार लांबचा प्रवास असेल, तर घाई करू नये. चौथी, पेठेतल्या पेठेत माल पोहोचविण्यास विजेची तीनचाकी मालगाडी घेण्याचा विचार अवश्य करावा. ठरावीक फेऱ्या आणि रात्रीची विश्रांती हा व्यवहार तिला उत्तम मानवतो.

समारोप

मातोश्री २०२३ च्या पावसाळ्यात आजारी पडल्या. दवाखान्यातून घरी नेण्याची वेळ आली, तेव्हा रुग्णवाहिकेचा वास नको, आपली गाडी आणा, असे त्यांनी स्वतः सांगितले. गाडी नुकतीच दुरुस्त होऊन आली होती. मागच्या आसनावर उशा रचून, काँग्रेस रोडने सावकाश, आवाज न करता त्यांना घरी आणले. वाटेत त्यांनी एकदा विचारले, "गाडी जेवली का?" "जेवली," मी म्हणालो. "तूही वेळेत जेवत जा," त्या म्हणाल्या. चार दिवसांनी णमोकार मंत्र ऐकत त्यांनी देह ठेवला.

पंचेचाळीस हजारांची तूट माझ्या खतावणीत अद्याप तशीच आहे. ती मी पुढील वर्षी ओढली आहे आणि ती फिटेलही. त्या दोन तासांची तूट मात्र कोणत्याही वर्षी फिटावयाची नाही. ज्यांच्या घरी वृद्ध आईवडील आहेत, त्यांनी गाडी कोणतीही घ्यावी, परंतु प्रवासास निघताना डबा आणि गाळलेले पाणी प्रथम गाडीत ठेवावे, चार्जरचा पत्ता नंतर पाहावा, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.

सर्वांस नूतन वर्ष सुखसमृद्धीचे जावो. जय जिनेंद्र.

— एक धान्य व्यापारी सभासद, बेळगाव